गोळी सुटी द्या, पण नावासकट द्या: नागपूरच्या औषधविक्रेत्यांना खुलं पत्र

प्रति,
नागपूर शहर आणि जिल्ह्यातले सर्व औषधविक्रेते व त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी
माहितीसाठी: अन्न व औषध प्रशासन, नागपूर विभाग

सप्रेम नमस्कार.

हे पत्र तापाच्या गोळीबद्दल आहे. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, कॅलपॉल म्हणा, आत औषध एकच, पॅरासिटामॉल. इतक्या साध्या गोळीवर पत्र काय लिहायचं, असं तुमच्यातल्या पुष्कळांना वाटेल. गोळीशी माझं भांडण नाहीच. तुमच्या काउंटरवरून ती ज्या तऱ्हेने आमच्या हातात पडते त्याबद्दल मला बोलायचं आहे. एकेका दुकानात जाऊन सांगून पाहिलं, ऐकून घेतलं जातं आणि तेवढ्यावरच राहतं. म्हणून आता चारचौघांत बोलते.

मी निवृत्त परिचारिका. नोकरीची बहुतेक वर्षं शासकीय रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात गेली. राहते मानेवाड्यात. गल्लीत सगळे मला सिस्टरच म्हणतात आणि कोणाकडे ताप-खोकला झाला की संध्याकाळी कोणीतरी पुडी घेऊन दारात उभं असतं. "सिस्टर, पाहून द्या ना जी, हे कायची गोळी हाय?" पुडी उघडावी तर आत गोळ्यांच्या पत्त्याचे, म्हणजे स्ट्रिपचे, कापलेले तीन-चार तुकडे. एकावर नावातली शेवटची दोन अक्षरं, एकावर नुसती एक्सपायरी, एक तुकडा पाठीमागून कोरा चांदीसारखा. बाहेरचा कागद वर्तमानपत्राचा. बाकीचं नाव तुमच्या ड्रॉवरमध्ये, उरलेल्या पत्त्यावर. मी गोळीचा रंग आणि आकार बघून अंदाज सांगते, आणि खरं म्हणजे असा अंदाज सांगणं कोणाच्याच वाट्याला यायला नको.

२०२५च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात छिंदवाडा जिल्ह्यातली लेकरं सर्दी-खोकल्याच्या सिरपमुळे किडन्या बंद पडून आपल्या शहरात उपचारांना आली आणि त्यातली कितीतरी जिवंत परत गेली नाहीत. कोल्ड्रिफ नावाच्या त्या सिरपच्या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. त्या दिवसांत आमच्या भागात गिऱ्हाइकं बाटली उलटून नाव वाचायला लागली होती, दुकानदारही आपणहून दाखवत होते. मला वाटलं, चला, या निमित्ताने सवय लागेल. भीती ओसरली आणि पुड्या पुन्हा सुरू झाल्या. कारखान्यातलं विष पकडणं तुमच्या हातात नाही, मान्य. पण चांगल्या, निर्मळ औषधाचा डोस घेणाऱ्याला समजेल असा देणं, एवढं तरी तुमच्याच हातात आहे ना?

आता माझ्या घरचं सांगते. दुकानाचं नाव लिहिणार नाही, कारण तसंच दुकान प्रत्येक चौकात आहे.

माझी मोठी जाऊ उमरेडला असते. साठी ओलांडलेली, वजन जेमतेम बेचाळीस किलो. पावसाळ्यात ताप आला, अंग मोडून आलं, नाक गळायला लागलं. दुकानातून ६५०ची तापाची गोळी आली, "दिवसातून चारदा द्या, उतरून जाईल." सर्दीसाठी वेगळी गोळी, तीनदा. गुडघ्यांसाठी हाडांच्या डॉक्टरांनी आधीच लिहून दिलेली गोळी सकाळ-संध्याकाळ चालू होतीच, तीही त्याच दुकानातून सुटी येत असे. ताप असल्यामुळे पोटात अन्न नव्हतं, नुसता चहा आणि पेज. चार-पाच दिवसांनी उलट्या सुरू झाल्या, मग गुंगी. नागपूरला आणलं तेव्हा डोळे पिवळे झाले होते. लिव्हरच्या तपासणीतला एसजीपीटीचा आकडा हजारांत, रक्त गोठायला उशीर. डॉक्टरांना आधी डेंग्यू आणि काविळीचाच संशय, आणि तो बरोबरच होता.

निवासी डॉक्टर पोरगी हुशार. तिने पहिला प्रश्न विचारला, "कोणत्या गोळ्या घेतल्या?" पुतण्याने खिशातून तीन पुड्या काढून खाटेशेजारच्या लॉकरवर ठेवल्या. मी ते तुकडे ट्यूबलाइटच्या उजेडात धरून वाचत होते. ६५०चा आकडा एका तुकड्यावर सापडला. गुडघ्याच्या गोळीच्या तुकड्यावर नाव संपता संपता एक "पी" उरला होता. सर्दीच्या गोळीवर काहीच नव्हतं. दुकानदाराला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी आलं: "साधीच गोळी आहे, काही होत नाही."

हिशोब नंतर लागला. तापाची गोळी ६५० मिलिग्रॅमची, चारदा, म्हणजे २,६००. गुडघ्याच्या गोळीत ॲसिक्लोफेनॅक या दुखण्यावरच्या औषधाच्या जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल, दोनदा, म्हणजे ६५०. सर्दीच्या गोळीत ५००, तीनदा, म्हणजे १,५००. दिवसाचे ४,७५०. धडधाकट मोठ्या माणसालाही चोवीस तासांत ४,००० मिलिग्रॅमच्या पुढे जायचं नसतं. पन्नास किलोच्या आतल्या माणसाला किलोमागे दिवसाला साठ मिलिग्रॅमच्या आसपास धरतात, म्हणजे माझ्या जावेला फार तर अडीच हजार. त्यात ती उपाशी. तिला तिच्या सोसण्याच्या जवळजवळ दुप्पट मिळत होतं आणि ते सलग काही दिवस.

यातली कोणतीही एक गोळी वेगळी पाहिली तर डोस फारसा चुकलेला नव्हता. हीच गोष्ट मला झोपू देत नाही. तिन्ही गोळ्या बरोबर, पण तिन्हींत एकच औषध आहे हे त्या घरात कळायला काही मार्गच नव्हता. नावं कात्रीने कापून टाकलेली.

जाऊ वाचली. एन-ॲसिटिलसिस्टिनचं, म्हणजे पॅरासिटामॉलवरच्या उताऱ्याचं, सलाईन लागलं, बरेच दिवस दवाखान्यात काढावे लागले. आता घरी आहे.

पॅरासिटामॉल लिव्हरला कसं धरतं हे तुम्हाला फार्मसीच्या अभ्यासात शिकवलेलं आहे, पण हे पत्र तुमची गिऱ्हाइकंही वाचणार म्हणून थोडक्यात लिहिते. नेहमीच्या डोसमधलं बहुतेक औषध लिव्हर निरुपद्रवी करून लघवीवाटे काढून टाकतं. थोडा भाग मात्र एका विषारी पदार्थात बदलतो. ग्लुटाथायोन नावाचं लिव्हरमधलं रसायन त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. डोस जास्त झाला की हा साठा संपतो आणि तो विषारी पदार्थ लिव्हरच्या पेशी मारायला लागतो. उपाशी, अशक्त आणि रोज दारू पिणाऱ्या माणसाचा साठा आधीच तुटपुंजा. आणि फसवेपणा असा की पहिला दिवस जवळजवळ काही जाणवत नाही. थोडी मळमळ, एखादी उलटी. उजव्या बरगडीखाली दुखणं दुसऱ्या दिवशी, कावीळ आणि भ्रम तिसऱ्या-चौथ्या दिवशी. उतारा आहे, पण एकदम जास्त गोळ्या पोटात गेल्या असतील तर आठ तासांच्या आत मिळाला तर सर्वांत चांगला लागू पडतो. म्हणून गोळ्या जास्त गेल्याचं कळलं तर "बरं तर वाटून राहिलं" म्हणून घरी थांबू नये. मेडिकल, मेयो, एम्स, जे सरकारी रुग्णालय जवळ असेल ते गाठावं आणि घेतलेल्या सगळ्या गोळ्या सोबत न्याव्यात. आता त्या गोळ्यांवर नावच नसेल तर डॉक्टरने काय करायचं, हे तुम्हीच सांगा.

तर माझ्या तक्रारी.

पहिली अर्थातच सुट्या गोळ्यांची. सुटी गोळी देऊ नका असं मी म्हणत नाही. हिंगण्याच्या एमआयडीसीत रोजावर जाणाऱ्याला ताप आला तर तो पंधरा गोळ्यांचं पाकीट कशाला घेईल? त्याला चार हव्यात, चारच द्या. पण औषध नियम, १९४५ मधला ६५वा नियम तुमच्या परवान्याच्या अटींचाच आहे. कंपनीच्या मूळ वेष्टनातून काढून औषध द्यायचं असेल तर ते नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखाली, लिफाफ्यात किंवा डबीत घालून द्यायचं, आणि त्यावर औषधाचं नाव, किती दिलं तो आकडा, दुकानाचं नाव-पत्ता लिहायचा, असं त्यात सांगितलेलं आहे. मी नवीन काही मागत नाही. वर्तमानपत्राच्या पुडीवर यातलं काय असतं? एका दुकानदाराने मला तोंडावर सांगितलं, "मॅडम, दोन रुपयांच्या गोळीला लिफाफा परवडत नाही." सीताबर्डीत फुटपाथवर दहा रुपयांच्या टिकल्या घेतल्या तरी पिशवीत घालून मिळतात हो.

ऑगस्ट २०२३ पासून खपाच्या तीनशे मोठ्या ब्रँडवर क्यूआर कोड छापणं सक्तीचं झालं. चांगलं केलं. पण पत्ता कापला की कोडही कापला जातो, आणि माझ्या जावेकडे बटणांचा फोन आहे.

दुसरी तक्रार तुमच्या स्वतःच्या "सेट"ची. गिऱ्हाईक म्हणतं, ताप आहे, अंग दुखून राहिलं, सर्दी आहे. तुमचा मुलगा खणातून एक तापाची, एक दुखण्याची, एक सर्दीची गोळी कापतो, असे तीन वेळचे तीन गठ्ठे करतो आणि "जेवून घ्या" म्हणतो. तीस-चाळीस रुपयांत डॉक्टर वाचला म्हणून गिऱ्हाईकही खूश. दुखण्याच्या गोळीत आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक, मेफेनॅमिक ॲसिड, ट्रॅमाडॉल यांतलं काहीही असो, जोडीला ३२५ पॅरासिटामॉल असण्याचीच शक्यता जास्त. सर्दीच्या गोळीत बहुधा ५००. केंद्र सरकारने ऑगस्ट २०२४ मध्ये १५६ जोडऔषधांवर, म्हणजे एकात दोन-तीन औषधं मिसळलेल्यांवर, बंदी घातली, त्यात ॲसिक्लोफेनॅक ५० आणि पॅरासिटामॉल १२५ ही जोडीही होती. बंदी आली, यादी तुमच्याकडे पोचली. पण तुम्ही काउंटरवर कात्रीने जी जोडगोळी तयार करता ती कोणत्या यादीत येणार?

डेंग्यूच्या दिवसांत हा सेट आणखी वाईट. डेंग्यूत तापासाठी पॅरासिटामॉलच द्यायचं असतं. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. आणि डेंग्यूत लिव्हरला आधीच सूज असू शकते, म्हणून पॅरासिटामॉलही मोजूनच. ऑगस्ट ते ऑक्टोबर आपल्या शहरात तापाचं कोणतंही माणूस डेंग्यूचं असू शकतं, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? तरी सेट चालूच.

उन्हाळ्याचंही इथेच सांगून टाकते. मे महिन्यात पारा ४५-४६ला टेकतो आणि ऊन लागलेल्या माणसाचं अंग भाजत असताना नातेवाईक तुमच्याकडे तापाची गोळी मागतात. उष्माघातात ही गोळी काम करत नाही. तो ताप मेंदूने वाढवलेला नसतो, अंगातली उष्णता बाहेर पडत नसते. त्या माणसाला सावली, अंगावर पाणी, पंखा आणि लगेच दवाखाना हवा. गोळी देऊन वेळ जातो आणि तापलेल्या लिव्हरवर भार पडतो तो वेगळाच. हे एक वाक्य तुम्ही काउंटरवर बोललात तर एखाद्या घरावरचं संकट टळेल.

तिसरी तक्रार लहान मुलांच्या औषधाची, आणि यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण मोठ्या माणसाच्या शरीरात चुकीला थोडी तरी जागा असते.

दीड महिन्याच्या लशी दिल्या की घराघरांत पहिल्यांदा पॅरासिटामॉलचे ड्रॉप्स येतात. तेच नाव, तोच रंग, तेच चित्र असलेलं सिरपही तुमच्या फळीवर असतं. ड्रॉप्समध्ये एका मिलीलिटरला १०० मिलिग्रॅम औषध. साध्या सिरपमध्ये पाच मिलीला १२० किंवा १२५, म्हणजे एका मिलीला साधारण २४. जास्त ताकदीच्या सिरपमध्ये पाच मिलीला २५०, म्हणजे एका मिलीला ५०. एकाच कंपनीच्या एकाच नावाच्या तीन बाटल्या, आणि त्यात चौपटीचा फरक. तो फरक लिहिलेला असतो इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात.

मुलाचा डोस वजनावर ठरतो. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत निदान चार ते सहा तास, दिवसात चारपेक्षा जास्त डोस नाहीत. आठ किलोचं लेकरू घ्या. त्याला एका वेळी ८० ते १२० मिलिग्रॅम लागतात. म्हणजे ड्रॉप्स असतील तर जेमतेम एक मिली. १२०चं सिरप असेल तर साडेतीन ते पाच मिली. २५०चं असेल तर दीड ते अडीच मिली. आता कल्पना करा, आजीला शेजारणीने सांगितलं आहे की "एक चमचा, पाच मिली" आणि घरात ड्रॉप्सची बाटली आहे. एका वेळी ५०० मिलिग्रॅम गेले, पाच पटींच्या आसपास. दिवसातून तीनदा दिलं तर किलोमागे जवळजवळ १९० मिलिग्रॅम. हे दोन-तीन दिवस चाललं तर लिव्हर धरू शकतं, आणि बाळ बोलून सांगणार नाही.

उलटी चूकही होते. ड्रॉप्सचा "एक मिली" लक्षात ठेवून १२०च्या सिरपमधला एक मिली दिला तर पोटात गेले २४ मिलिग्रॅम. ताप कुठून उतरणार? मग घरचे रात्री दहाला तुमच्याकडे येतात, "यानं उतरून नाही राहिला, जरा तेज औषध द्या." आणि तेज औषध निघतं. निमेसुलाइड हे तापाचं तेज औषध बारा वर्षांखालच्या मुलांना द्यायला २०११ पासून मनाई आहे, हे मी तुम्हाला सांगायला नको. पण ते तेज औषध मागायची वेळ आली ती आधीच्या बाटलीवर कोणी पेनाने दोन शब्द लिहिले नाहीत म्हणून.

लिहून दिलेली ताकद नसली की दुसरी देणं हा तर नेम झाला आहे. चिठ्ठीवर १२०चं सिरप, दुकानात २५०चं शिल्लक, "सेम आहे, घेऊन जा." सेम नाही. चिठ्ठीवरचा पाच मिलीचा आकडा घरी तसाच पाळला जातो आणि डोस दुप्पट होतो. एवढं तरी सांगा की, "हे दुप्पट ताकदीचं आहे, डॉक्टरांना फोन करून किती द्यायचं ते विचारा." त्याहून चांगलं म्हणजे देऊच नका.

मापाचं झाकण किंवा ड्रॉपर खोक्यात असतो, पण खोकं उघडून तो आहे का, त्यावर रेघा आहेत का, हे कोणी बघत नाही. तो नसला की घरी चहाचा चमचा येतो. चहाचा चमचा कधी अडीच मिलीचा, कधी सात मिलीचा. अमेरिकेत बाळांच्या ड्रॉप्सची वेगळी ताकद कंपन्यांनी २०११ पासून काढून टाकली आणि पाच मिलीला १६० अशी एकच ठेवली, ती नेमकी या गोंधळामुळे. आपल्याकडे तीन ताकदी अजून एकाच फळीवर नांदतात.

चौथी तक्रार थोडक्यात. भिंतीवर चौकटीत फार्मासिस्टचं प्रमाणपत्र, काउंटरवर बारावीतला मुलगा. सगळीकडे असं आहे असं नाही. महालात आणि धंतोलीत मी अशी दुकानं पाहिली आहेत जिथे फार्मासिस्टताई वय, वजन, आणखी कोणती गोळी चालू आहे, सगळं विचारून मगच हात फळीकडे नेतात. कोविडच्या दोन वर्षांत तुम्ही शटर खाली ओढलं नाही, हेही या शहराने पाहिलं आहे. म्हणूनच अपेक्षा तुमच्याकडून. किराणा दुकानाकडून मी ती कशी करणार? औषध नियमांच्या अनुसूची 'के'मुळे हजाराच्या आतल्या वस्तीच्या गावात पॅरासिटामॉलची गोळी परवान्याशिवायही विकता येते. तिथे सांगणारं कोणी नाही. इथे तुम्ही आहात.

"गिऱ्हाईक थांबतच नाही" असं मला नेहमी ऐकवलं जातं. खरं आहे, घाईत असतं. पण रांग लागली असताना तुम्ही सुट्या पैशांसाठी त्याला थांबवताच ना? एक प्रश्न विचारायला तेवढाही वेळ लागत नाही. आणि आपल्या विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची घरं थोडी नाहीत. दुखणं उठलं की त्या घरात महिन्यातून कितीदा तरी हीच गोळी घेतली जाते. रोज संध्याकाळी देशी पिऊन सकाळी डोकं धरून येणारा माणूसही तुम्हाला चेहऱ्याने माहीत असतो. त्याला दोन गोळ्या देताना तुम्ही गप्प का राहता?

इंग्लंडमध्ये १९९८ पासून या गोळीच्या पाकिटावर मर्यादा आहे. साध्या दुकानात एका पाकिटात सोळा, फार्मसीत बत्तीस. तसा कायदा इथे आणा अशी माझी मागणी नाही. माझ्या मागण्या त्याहून पुष्कळ लहान आहेत.

विक्रेत्यांकडून मला हे हवं आहे. सुटी गोळी छापील लिफाफ्याशिवाय काउंटरवरून जाऊ नये. पत्ता कापताना नाव, ताकद आणि एक्सपायरी असलेली कड शेवटपर्यंत राखून ठेवा, म्हणजे शेवटच्या गिऱ्हाइकालाही ते दाखवता येईल. तापाची, दुखण्याची, सर्दीची गोळी देताना "घरी आणखी कोणती गोळी चालू आहे?" हे विचारा. स्वतःचे सेट बंद करा. मुलाचं औषध देताना वजन विचारा, मिलीचा आकडा बाटलीवर पेनाने लिहा, माप आहे की नाही ते खोकं उघडून बघा, आणि चिठ्ठीवरची ताकद बदलू नका. संघटनेने ठरवलं तर लिफाफे एकगठ्ठा छापता येतील, म्हणजे लहान दुकानालाही परवडतील.

औषध प्रशासनाला विनंती अशी की दुकान तपासणीत ६५व्या नियमातला लिफाफा आहे की नाही हे बघितलं जावं आणि मराठी-हिंदीत एक ठळक तक्ता प्रत्येक काउंटरवर लावायला सांगावा. मुलांच्या पॅरासिटामॉलची एकच ताकद ठेवावी आणि जोडगोळ्यांच्या पाकिटावर, प्रत्येक गोळीच्या पाठीमागे, "यात पॅरासिटामॉल आहे" असं देवनागरीत छापावं, हे अधिकार केंद्राचे आहेत. पण नागपूरहून तसा प्रस्ताव वर जायला कोणाची हरकत असणार?

लिफाफ्यावर काय छापायचं यावर बैठका होऊ नयेत म्हणून मी मजकूरच देते. हवा तसा दुरुस्त करा:

"पॅरासिटामॉल ६५० मिलिग्रॅम. गोळ्या: ____. एका वेळी एक. दोन गोळ्यांत किमान सहा तास. चोवीस तासांत चारपेक्षा जास्त नाही. सर्दीच्या आणि दुखण्याच्या पुष्कळ गोळ्यांत हेच औषध असतं, सोबत घेण्याआधी विचारा. वजन पन्नास किलोच्या आत, रोजची दारू, लिव्हरचा आजार, जेवण बंद, यांतलं काही असेल तर डोस कमी लागतो, आधी सांगा. तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरांकडे जा. जास्त गोळ्या गेल्या तर बरं वाटत असलं तरी लगेच दवाखाना. दुकान: ____."

हा मजकूर एका बाजूला मराठीत, दुसऱ्या बाजूला हिंदीत बसतो. मी कागद कापून, लिहून पाहिला आहे. पावसाळा आणि त्याच्यामागून डेंग्यू सुरू व्हायच्या आत निदान शहरातल्या दुकानांत हे लिफाफे दिसावेत, एवढी मुदत मी मागते. ज्या संघटनेला नमुना हवा असेल तिने कळवावं, मी स्वतः आणून देईन. आणि जे दुकान आजपासूनच सुरू करेल त्याचं नाव मी माझ्या दारात पुडी घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला सांगेन.

आपली,
एक निवृत्त परिचारिका
मानेवाडा, नागपूर